तळपायाची जखम भरायची असेल तर तिच्यावरून चालणं थांबलं पाहिजे

मधुमेह असलेल्या माणसाच्या चवड्याखाली किंवा अंगठ्याखाली जखम झाली की घरात सगळ्यात आधी मलमांची चर्चा सुरू होते. कुणी हळद सुचवतं, कुणी कडुनिंबाचं पाणी. महागडी ट्यूब येते, रोज ड्रेसिंग बदललं जातं, आणि जखम महिनोन्महिने आहे तशीच राहते. कारण ड्रेसिंग झाल्यावर तो माणूस उठतो आणि त्याच जखमेवर पाय टेकून स्वयंपाकघरात पाणी प्यायला जातो.

मी इंदूरमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. अशा पायांशी माझा रोजचा संबंध येतो, आणि घरच्या मंडळींना मी पुन्हा पुन्हा एकच गोष्ट सांगते: तळपायाच्या जखमेवरचा भार काढणं हाच मुख्य उपचार आहे. साखर, ड्रेसिंग, औषधं यांची गरज आहेच, पण भार कायम असेल तर त्यांचा उपयोग होत नाही. डॉक्टरी भाषेत याला ‘ऑफलोडिंग’ म्हणतात. ते घरी कसं निभवायचं, हे इथे सविस्तर लिहिते आहे.

दुखत का नाही?

नव्या चपलेने पाय लागला की आपण आपोआप लंगडतो. दुखण्यामुळे भार दुसऱ्या पायावर जातो आणि फोड दोन दिवसांत बसतो. बरीच वर्षं साखर वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात आणि हे लंगडणंच थांबतं. दिवसभरातल्या हजारो पावलांचा दाब एकाच जागी पडतो. तिथे आधी घट्टा येतो, घट्ट्याखाली रक्त साकळतं आणि एक दिवस मोज्यावर डाग दिसतो. नसा कमजोर झाल्या की पायाचे छोटे स्नायूही ढिले पडतात, बोटं वाकडी होतात आणि चवड्याची हाडं खाली टोचू लागतात. म्हणून जखम बहुधा अंगठ्याखाली, चवड्याखाली किंवा वाकलेल्या बोटाच्या टोकाला होते.

पायाची संवेदना घरच्या घरी तपासता येते. माणसाला डोळे मिटून पडू द्या. दोन्ही पायांच्या अंगठ्याच्या, मधल्या बोटाच्या आणि करंगळीच्या टोकाला आपल्या तर्जनीने अगदी हलका स्पर्श एक-दोन सेकंद करा. दाबू नका, टोचू नका. स्पर्श कळला की त्याने ‘हो’ म्हणायचं. सहापैकी दोन किंवा अधिक जागी कळलं नाही तर संवेदना कमी झाली आहे असं समजा आणि डॉक्टरांकडून नीट तपासणी करून घ्या. ते १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूने आणि कंपन करणाऱ्या चिमट्याने पाहतात.

बूट आणण्याआधी तीन प्रश्न

भार काढण्याचं साधन कोणतं, हे आधी तपासणी झाल्याशिवाय ठरवू नये. सर्जरीची ओपीडी असलेल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयात, आपल्याकडे इंदूरच्या एमवाय या सरकारी रुग्णालयापासून खाजगी दवाखान्यांपर्यंत, डॉक्टरांना हे तीन प्रश्न विचारा.

पायाला रक्तपुरवठा पुरेसा आहे का? पायाच्या वरची आणि घोट्यामागची नाडी लागली पाहिजे. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबाने भागून येणारं गुणोत्तर ०.९ पेक्षा कमी आलं तर पुरवठा कमी आहे. मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्याने हा आकडा खोटा चांगलाही येतो. तो १.३ च्या वर गेला तर खूश होऊ नका, अंगठ्याचा रक्तदाब किंवा डॉपलर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, करून घ्या.

संसर्ग आहे का, आणि किती? जखमेभोवतीची लाली दोन सेंटिमीटरपेक्षा जास्त पसरली असेल तर संसर्ग साधा राहिलेला नाही.

जखम हाडापर्यंत गेली आहे का? डॉक्टर निर्जंतुक सळईने हळूच तपासतात आणि एक्स-रे काढतात.

बोट काळं पडलं, पाय थंडगार झाला, पू किंवा दुर्गंधी येऊ लागली, ताप आला, थंडी वाजली, जांघेत अवधाण आलं किंवा साखर कारण नसताना एकदम चढली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. पाय नुसताच लाल, गरम आणि सुजलेला असेल, जखम नसेल आणि फारसं दुखतही नसेल, तरी थांबू नका. तो शार्को असू शकतो, म्हणजे आतली हाडं ढासळू लागलेली असतात. त्या पायावर आणखी चाललं तर पायाचा आकारच बिघडतो.

न काढता येणारं प्लास्टर

चवड्याखालच्या किंवा तळव्याच्या मधल्या जखमेत रक्तपुरवठा ठीक असेल आणि संसर्ग गंभीर नसेल, तर जगभरच्या तज्ज्ञांची पहिली शिफारस एकच आहे: गुडघ्याखालपर्यंतचं, रुग्णाला स्वतः काढता न येणारं साधन. त्यातलं सगळ्यात जुनं म्हणजे टोटल कॉन्टॅक्ट कास्ट. हे प्लास्टर पायाला आणि पोटरीला सगळीकडून सारखं चिकटून बसतं. शरीराचा बराच भार पोटरीच्या बाजूंवरून प्लास्टरच्या भिंतीवर जातो. घोटा हलत नसल्याने चवड्यावर जोर देऊन पाऊल उचलणंही बंद होतं.

या उपचाराची मुळं कुष्ठरोगाच्या कामात आहेत. कुष्ठरोगातही नसा बधिर होऊन तळपायाला अशाच जखमा होतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४६ नंतर डॉ. पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर काम करत होते. पायाचं नुकसान रोगजंतूंपेक्षा न जाणवणाऱ्या दाबाने होतं, हे त्यांनी तिथे लावून धरलं. प्लास्टरची ही पद्धत त्यांनी पुढे अमेरिकेत नेली आणि ती मधुमेहाच्या पायांसाठी रुळली.

२००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात १२ आठवड्यांत प्लास्टर घातलेल्यांपैकी सुमारे ९० टक्क्यांच्या जखमा भरल्या. काढता येणारा बूट वापरणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ६५ टक्के होतं आणि अर्ध्या तळाच्या चपलेत ५८ टक्के. बूट दाब जवळजवळ तेवढाच कमी करतो. मग फरक कुठून आला? दोन वर्षांनी त्याच संशोधकांनी रुग्णांची पावलं मोजली. दिवसभराच्या पावलांपैकी जेमतेम २८ टक्के पावलं बूट घालून टाकली होती. बाहेर जाताना बूट, घरात अनवाणी. आणि सगळ्यात जास्त पावलं तर घरातच पडत होती. भार काढताना गाडी कुठे अडते, हे मला यापेक्षा स्वच्छ कुठेच दिसलेलं नाही.

प्लास्टर सवय असलेल्या हातानेच घालायचं असतं. हाड मोडल्यावरचं प्लास्टर वेगळं, ते या पायाला चालत नाही. सूज झपाट्याने उतरते, म्हणून पहिलं प्लास्टर काही दिवसांतच, उशिरात उशिरा आठवड्याभरात बदलतात. नंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी. प्लास्टर ढिलं झालं, तडकलं, भिजलं, वास येऊ लागला, डाग बाहेर आला, बोटं निळी पडली किंवा पोटरी दुखून घट्ट झाली, तर तारखेची वाट न बघता जा. बधिर पायाला प्लास्टर आत घासत असलं तरी कळत नाही. श्वास लागला किंवा छातीत दुखलं तर थेट इमर्जन्सीत.

काढता येणारा बूट घेतला असेल तर

प्लास्टर घालणारं कुणी जवळ नसेल, तर तयार गुडघ्याइतका वॉकर बूट घ्यावा आणि डॉक्टरांनी तो फायबरग्लासच्या पट्टीने गुंडाळून किंवा प्लास्टिकच्या टायने बंद करून द्यावा. असा बंद केलेला बूट जवळपास प्लास्टरइतकंच काम करतो.

मध्यम संसर्ग असेल, रक्तपुरवठा थोडा कमी असेल किंवा रोज जखम पाहावी लागत असेल, तर मात्र काढता येणाराच बूट ठेवतात. रक्तपुरवठा फारच कमी असेल तर आधी त्याचा उपचार. काढता येणारा बूट असला तरी चालताना तो काढायचा नाही, हे घरच्यांनी पाळायचं असतं. पलंगावरून पाय खाली टेकण्याआधी बूट पायात गेला पाहिजे. पहाटे तीन वाजता लघवीला उठतानाही.

बुटाचा तळ जाड असल्याने दुसरा पाय दोन-तीन सेंटिमीटर खाली राहतो. त्याने कंबर दुखते, तोल जातो, आणि मग माणूस बूटच घालेनासा होतो. वस्तीतल्या मोच्याकडून दुसऱ्या पायाच्या चपलेला तेवढ्याच उंचीचा हलका फोमचा तळ चिकटवून घ्या. खर्च किरकोळ आहे आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

फेल्टची पट्टी

बूट आणि प्लास्टर दोन्ही जमत नसेल, तर योग्य मापाच्या चपलेसोबत फेल्टची पट्टी हा तिसरा पर्याय. जाड वैद्यकीय फेल्ट (लोकरीच्या नमद्यासारखं कापड) घोड्याच्या नालेच्या आकारात कापून जखमेच्या मागच्या आणि बाजूच्या निरोगी कातडीवर चिकटवतात, जेणेकरून जखम अधांतरी राहील. उघडी बाजू बोटांकडे ठेवायची. पूर्ण गोल भोक पाडलं तर कडा रुतते आणि मधली कातडी सुजून भोकात उतरते. टाचेखाली कापडाची चुंबळ ठेवण्याची जुनी सवय याच कारणाने सोडली पाहिजे. फेल्ट काही दिवसांत दबून चपटं होतं, तेव्हा बदलायचं. पहिल्या खेपेला ते नर्सकडून किंवा डॉक्टरांकडून लावून घ्या आणि बघून शिका.

जखमेवर कापसाचा जाड गोळा ठेवून वर घट्ट पट्टी बांधणं मला फार घरांत दिसतं. जाड गोळ्याने जखमेला मऊ वाटेल असा समज असतो. चालताना तोच गोळा दगडासारखा जखमेत रुततो. ड्रेसिंग पातळ आणि सपाट ठेवा.

जखमेच्या काठचा घट्टा काढला की तिथला दाब पाव हिश्श्याहून जास्त उतरतो. हे काम डॉक्टरांनी किंवा प्रशिक्षित नर्सने ब्लेडने करायचं. घरचं ब्लेड, वजरी, कुरूप काढायच्या पट्ट्या यांतलं काहीही नको. त्या पट्ट्यांत आम्ल असतं आणि ते बधिर कातडी जाळतं.

टाच, बोटं, घोटा

टाचेची जखम सावकाश भरते. अंथरुणात पोटरीखाली लांब उशी अशी ठेवा की टाच हवेत राहील आणि गुडघा किंचित वाकलेला असेल. वाकड्या बोटाच्या टोकाला जखम असेल आणि बोट हाताने सरळ होत असेल, तर त्याची खालची शीर (रक्तवाहिनी नव्हे, स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) सोडवण्याची छोटी शस्त्रक्रिया अतिशय उपयोगी पडते. सर्जनना त्याबद्दल नक्की विचारा. बाकी उपाय थकले की घोट्यामागची ताठ शीर लांब करणं किंवा टोचणारं हाड काढणं हेही पर्याय असतात.

घोट्याच्या बाहेरच्या हाडावरची जखम आपल्या बसण्याच्या सवयीमुळे होते. पूजेला, पंगतीला, भजनाला तासन् तास मांडी घातली की ते हाड जमिनीवर घासतं. मांडी बंद, खुर्ची सुरू.

घरातली पावलं

रामबाग-नारायणबागेकडच्या जुन्या घरांत जिना उभा आणि बाथरूम लांब, तर नव्या फ्लॅटमध्ये फरशी गुळगुळीत. घर कसंही असो, एक दिवस बसून मोजा की आई किंवा बाबा दिवसातून किती वेळा आणि कशासाठी उठतात. मग एकेक फेरी कमी करा.

झोपण्याची जागा बाथरूमजवळ आणा, शक्यतो खालच्या मजल्यावर. साखर वाढलेली असते तेव्हा रात्री तीन-चारदा उठावं लागतं. पलंगाशी युरीन पॉट ठेवा. बाबा लाजतील, त्यांना समजावून सांगा. उकिडवं बसताना सगळा भार चवड्यावर येतो, म्हणून भारतीय संडास असेल तर त्यावर कमोडची खुर्ची ठेवा. आंघोळ स्टुलावर बसून, जखमेचा पाय प्लास्टिकच्या पिशवीत बांधून दुसऱ्या स्टुलावर. पाय पाण्यात भिजत ठेवायचा नाही, गरम पाण्यात तर मुळीच नाही.

स्वयंपाक करणाऱ्या बाईची जखम सगळ्यात उशिरा भरते, कारण ओट्याशी उभं राहणं तिला कुणी सोडू देत नाही. हे मी रागाने नाही, काळजीने लिहिते. ओट्यापाशी उंच स्टूल ठेवा, पोळ्या बसून करू द्या, आणि काही महिने स्वयंपाक घरातल्या इतरांनी वाटून घ्या. पहाटेचं पोहे-जलेबी आणायला जाणंही दुसऱ्या कुणीतरी करावं. जलेबी तशीही ताटात नको. डाळ, दही, पनीर, अंडी यांतून प्रथिनं वाढवा, फक्त मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

काठी जखमेच्या उलट्या हातात धरायची. तोल जात असेल तर चौपायी वॉकर. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना जखमेचा पाय आधी. एका पायावर लंगडी घालत चालू देऊ नका, कारण त्याने दुसऱ्या तळव्यावर भार दुप्पट होतो आणि तोही बहुधा बधिर असतो. दुसरा पाय रोज संध्याकाळी उजेडात, आरसा धरून बघा. बूट किंवा प्लास्टर असताना गाडी चालवायची नाही, स्कूटीसुद्धा. सिग्नलला पाय टेकावाच लागतो. तंबाखू आणि बिडी सोडण्यासाठी यापेक्षा मोठं कारण मिळणार नाही.

देवळं आणि सण

आपल्याकडे पायाचं सगळ्यात मोठं नुकसान श्रद्धेच्या दिवसांत होतं. खजरान्याच्या गणपतीला अनवाणी, नवरात्रात नऊ दिवस चप्पल सोडलेली, वैशाखात उज्जैनची पंचक्रोशीची पायी यात्रा. उन्हात तापलेल्या फरशीने बधिर पाय भाजतो आणि संध्याकाळपर्यंत कळतही नाही. ज्याच्या पायाची संवेदना गेली आहे त्याने अनवाणी नवस बोलू नये. आधीच बोलला असेल तर घरातल्या दुसऱ्याने तो फेडावा, किंवा जपाने, दानाने फेडावा. आजी-आजोबांना हे नीट समजावून सांगितलं तर ते ऐकतात. देवळात जायचंच असेल तर सकाळी लवकर, जाड तळाचे स्वच्छ मोजे घालून आणि व्हीलचेअरवर. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, रात्रभर उभं राहून बघण्याऐवजी या वर्षी टीव्हीवर बघा.

भरते आहे की नाही, हे कसं कळेल

दर आठवड्याला त्याच दिवशी, जखमेशेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा. लांबी आणि रुंदी लिहून ठेवा. चार आठवड्यांत जखमेचं क्षेत्र अर्ध्यावर यायला हवं. दोन गुणिले दोन सेंटिमीटरची जखम १.४ गुणिले १.४ झाली की क्षेत्र अर्धं झालं, म्हणजे नुसत्या डोळ्यांना फार फरक वाटत नाही. म्हणून मोजणं गरजेचं. अर्ध्यावर आली नाही तर नवं मलम मागू नका. रक्तपुरवठा, हाडातला संसर्ग आणि भार हे तिन्ही पुन्हा तपासून घ्या. आणि आधी प्रामाणिकपणे विचारा की बूट रात्रीही घातला जातो का.

जखम भरल्यावर

वरची कातडी जुळली तरी ती कोवळी असते. डॉक्टर सांगतील तोवर, बहुधा आणखी काही आठवडे, प्लास्टर किंवा बूट चालू राहतो. खास चप्पल किंवा बूट त्याआधीच तयार हवेत, नाहीतर प्लास्टर काढल्या दिवशी माणूस जुन्या रबरी स्लिपरवर घरी जातो. भरलेल्या जखमांपैकी सुमारे ४० टक्के वर्षाच्या आत आणि ६५ टक्के पाच वर्षांत पुन्हा उघडतात.

कुष्ठरोगाच्या कामातूनच आलेली एमसीआर (मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या तळाची) चप्पल आपल्याकडे मिळते. ती संवेदना गेलेल्या पायाला जपण्यासाठी आहे, उघडी जखम भरण्यासाठी पुरत नाही. मागे पट्टा असलेलीच घ्या. बधिर पायातून चप्पल कधी निसटली ते कळत नाही, आणि अंगठ्याची चप्पल तर बोटांच्या बेचक्यात कापते. बूट घेत असाल तर संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, दोन्ही पायांत घालून, उभं राहून बघा. सगळ्यात लांब बोटापुढे एक ते दोन सेंटिमीटर जागा हवी. मोजे फिक्या रंगाचे असावेत म्हणजे डाग लगेच दिसतो. घालण्याआधी बुटात हात फिरवा. खडा, खिळा, नातवाचं खेळणं, काहीही निघतं.

कोविडच्या काळात घेतलेली थर्मामीटरची बंदूक घरात पडून असेल तर ती कामाला लावा. ती वस्तूचं तापमान मोजण्यावर ठेवून दोन्ही तळव्यांच्या त्याच-त्याच जागा रोज मोजा. एका पायाची जागा दुसऱ्यापेक्षा २.२ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम सलग दोन दिवस आली, तर चालणं कमी करा आणि दाखवून घ्या. आत काही बिघडत असल्याची ती खूण असते, कातडी फाटण्याच्या कितीतरी आधीची.

नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तास घाला, काढून पाय बघा, लाल चट्टा वीस मिनिटांत गेला नाही तर चप्पल परत करून दुरुस्त करून घ्या. आतला मऊ तळ दाबून पाहा, बोटाचा ठसा पुन्हा वर येत नसेल तर तो बदलायला झाला. आणि एकदा जखम होऊन गेलेल्या पायाची तपासणी दर एक ते तीन महिन्यांनी, काही तक्रार नसली तरी.